हिरड्यांच्या रंगाचं बाळ

माणसाच्या तोंडाकडे इतक्या निर्मळ मनाने आणि इतक्या निर्लज्जपणे बघणारा दुसरा माणूस गिरगाव ते करी रोड या टापूत झाला नसेल, असं मी आमच्या साडूंबद्दल छातीठोकपणे सांगू शकतो. आमचे साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. धंदा कवळ्या बनवण्याचा. डॉक्टर नव्हेत. डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप घेतात. ते माप ज्याच्याकडे जातं, जो त्यावरून मेणाचा जबडा घडवतो, त्यात एकेक दात बसवतो आणि घासूनपुसून चकाचक कवळी परत पाठवतो, तो माणूस म्हणजे आमचे साडू. गिरगावात एका चाळीच्या तळमजल्यावर त्यांची खोली आहे. ते तिला 'लॅब' म्हणतात. ताई, म्हणजे त्यांच्या सौभाग्यवती, तिला 'ह्यांचा भूतबंगला' म्हणतात, आणि त्यात ताईंची चूक नाही. तिन्ही भिंतींच्या फळ्यांवर प्लास्टरचे शेकडो जबडे ओळीने मांडलेले असतात आणि आत पाऊल टाकताच ते सगळे आपल्याला हसतात.

या माणसाला चेहरे लक्षात राहत नाहीत. नावं तर नाहीतच. माझ्या लग्नाच्या बोलणीच्या वेळी सगळी मंडळी मला नोकरी, शिक्षण, गाव वगैरे विचारत होती. साडू कोपऱ्यात पोहे खात माझ्याकडे टक लावून बसले होते. शेवटी त्यांनी एकच प्रश्न विचारला. "खालचा डावीकडचा कुठे गेला?" मी लाजत सांगितलं, कॉलेजात क्रिकेट खेळताना पडला. साडूंनी सासऱ्यांकडे वळून मान डोलावली. "मुलगा खरं बोलतो. पडलेलाच आहे, किडलेला नाही." माझं लग्न त्या एका दातामुळे जमलं असं आमच्याकडे अजून बोललं जातं. लालबागच्या नाक्यावर कुणा पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा फलक लागला की साडू फुटपाथवर उभे राहून त्यातल्या चाळीस-पन्नास शुभेच्छुकांची तोंडं न्याहाळतात. पुढारी कोण, पक्ष कुठला, त्यांना पत्ता नसतो. "वरून तिसरा, तो हसतोय ना, ते हसू माझं," एवढंच ते अभिमानाने सांगतात. मयताला गेले तरी तेच. गिरणीतले एक जुने जॉबर, म्हणजे मुकादम, गेले तेव्हा साडू लहान मुलासारखे हमसून रडले आणि रडता रडताच त्यांच्या मुलाला म्हणाले, "वरची काढून ठेवलीत का रे? ती आधी लाव. वहिनींनी शेवटचं बघताना गाल बसलेले नकोत." घरातले आधी चमकले, मग शोधाशोध झाली, कवळी लागली, आणि खरोखरच त्या माऊलीला नवरा ओळखीचा वाटला. त्या दिवसापासून ते घर साडूंना देवासारखं मानतं. साडूंना मात्र त्या घरातलं कुणी रस्त्यात भेटलं तर ओळखता येत नाही, जोवर ते तोंड उघडत नाहीत.

आणि तोंडाच्या बाबतीत खोटं बोलणं त्यांना जमत नाही. एरवी ते व्यवहारात चारचौघांसारखे. ताईंना "भाजी छान झालीय" म्हणतात, सोसायटीच्या मीटिंगला तब्येतीचं कारण सांगून दांडी मारतात. पण विषय जबड्याचा निघाला की संपलं. त्यांच्या करी रोडच्या टॉवरमधल्या सेक्रेटरींच्या मिसेस नवे दात बसवून कौतुकाने दाखवायला आल्या, तर हे म्हणाले, "काम एक नंबर आहे वहिनी, पण माप दुसऱ्या कोणाचं तरी आहे." त्यानंतर दोन महिने यांच्या बाथरूमची गळती कुणी बघायला आलं नाही.

तर अशा या माणसाच्या लॅबमध्ये, मी माझ्या त्याच खालच्या डाव्या दातासाठी स्टुलावर बसलेलो असताना, एका दुपारी सुजाता आली. बरोबर तिच्या सासूबाई होत्या. कवळी सासूबाईंची होती आणि ती हिरडीला टोचत होती. सुजाता जन्मापासून अंध. सरकारी कचेरीत टेलिफोन ऑपरेटर, राहायला अँटॉप हिलच्या सरकारी वसाहतीत, आणि सातवा महिना लागलेला. गंमत अशी की वाट सुजाताच दाखवत होती. सासूबाई गिरगावात पहिल्यांदाच आल्या होत्या आणि पार गोंधळल्या होत्या. "आई, दोन पायऱ्या आहेत, जपून. आता डावीकडे. वास येतोय बघा, मेणाचा आणि नेलपॉलिशचा. हेच दुकान." साडू या वर्णनावर इतके खूश झाले की त्यांनी तिला स्वतःची खुर्ची दिली. गेली कित्येक वर्षं त्या खुर्चीवर कुणी बसलेलं मी पाहिलं नव्हतं.

कवळी घासून होईपर्यंत सासूबाईंनी पिशवीतून सोनोग्राफीचा फोटो काढला. अलीकडे निघतात ना तसला, चेहरा उठावदार दिसणारा. "बघा हो, नाक अगदी आमच्या मिलिंदचं!" फोटो माझ्याकडे आला, माझ्याकडून साडूंकडे गेला. आम्ही दोघांनी "वा वा" केलं. सुजाता मांडीवर पर्स धरून बसली होती. ती हसत म्हणाली, "त्या दिवशी सोनोग्राफीच्या खोलीत आम्ही पाच जण होतो. डॉक्टर, सिस्टर, आई, मिलिंद. सगळ्यांनी बघितलं. अगं नाक बघ, अगं कपाळ बघ. मी एकटीच राहिले. आणि बाळ होतं माझ्याच पोटात."

ती हसली म्हणून मीही हसायला गेलो आणि मध्येच थांबलो. साडूंनी मशीन बंद केलं. फोटो हातात घेऊन खिडकीशी गेले, उलटा केला, सुलटा केला. मग एकदम मालवणीत शिरले, जसे ते कामात बुडाले की शिरतात. "गो बाय माझे, हात तोंडावर धरल्यान हा मगो! तोंड दिसणा नाय." आणि मग शुद्धीवर येऊन म्हणाले, "आठ दिवसांनी या. बाळ दाखवतो."

सुजाता पटकन म्हणाली, "साहेब, एक सांगते. सिनेमात दाखवतात तसं मी लोकांच्या तोंडावर हात फिरवत बसत नाही हं."

"मग बरंच," साडू म्हणाले. "माझी गिऱ्हाइकं चावतात."

आठ दिवस त्या माणसाने दुसरं काही केलं नाही. ताई सांगत होत्या की डायनिंग टेबलावर गुलाबी मेणाचा गोळा घेऊन बसायचे, फोटोकडे बघायचे, कोरायचे, मोडायचे. ठरल्या दिवशी मुद्दाम मी हजर राहिलो. सुजाताने तो तळहाताएवढा चेहरा हातात घेतला. बोटं कपाळावरून उतरली, मिटलेल्या पापण्यांवर थांबली, नाकाच्या शेंड्यावर आली आणि तिथे ती गोड हसली. मग बोटं खाली गेली, तोंडापाशी, हनुवटीपाशी, आणि सुजाता खुर्चीत मागे रेलून खदाखदा हसायला लागली.

"साहेब, हे तर कुणाचे तरी आजोबा आहेत!"

साडूंचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. त्यांनी आयुष्यभर बिनदातांची हजारो तोंडं घडवली होती, पण ती सगळी साठीच्या पुढची. फोटोत हाताआड गेलेलं तोंड त्यांनी स्वतःच्या अनुभवाने भरून काढलं होतं. वरून बाळ, खालून पेन्शनर. सुजाता डोळे पुसत म्हणाली, "नाही पण, नाक मिळालं मला. नाक अगदी पटलं." साडूंनी मॉडेल काढून घेतलं आणि गंभीरपणे सांगितलं, "पुढच्या सोनोग्राफीला त्याला सांगा, हात खाली." ती म्हणाली, "त्याला की तिला?" साडू म्हणाले, "ते मला विचारू नका. मी हनुवटीच्या खाली बघत नाही."

पुढच्या सोनोग्राफीला बाळाने हात खाली घेतला. फोटो घेऊन या वेळी मिलिंद एकटाच लॅबमध्ये आला. सरळ, शांत मुलगा, वडाळ्याला एका गोदामाच्या ऑफिसात हिशेबनीस. साडूंनी फोटो बघितला आणि त्यांना काही सांगावंच लागलं नाही. वरचा ओठ मधोमध नव्हे, जरा डावीकडे, नाकपुडीपर्यंत फाटलेला होता. मिलिंद म्हणाला, "डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं. सुजाता आत आवरत होती. आईचं आणि माझं ठरलंय, तिला आत्ता टेन्शन नको. तुम्ही फक्त ओठ नीट करा, साहेब. नंतर मी सांगेन तिला. नक्की सांगेन."

त्या संध्याकाळी साडू दादरला आमच्या घरी आले. माझ्या बायकोने वड्या पुढे ठेवल्या, त्यांनी हात लावला नाही. ते म्हणाले, "साडूभाऊ, मी जन्मभर खोटे दात केले. पण खोटं तोंड कधी केलं नाही हो." मग सगळी हकीकत सांगून त्यांनी मला विचारलं, काय करू. मी कचेरीत तीस वर्षं फायली वर सरकवत आलेला माणूस. मी माझ्या स्वभावाला शोभेल असाच सल्ला दिला. घरचे म्हणतात तसं करा, त्यांचं ते बघून घेतील, आपण कोण. साडूंनी मान हलवली आणि चप्पल घालून निघून गेले. माझी बायको दार लावत म्हणाली, "तुमच्याकडे विचारायला आला बिचारा." एवढंच. पण मला त्या वड्या गोड लागल्या नाहीत.

रविवारी सकाळी त्यांचा फोन आला. "अँटॉप हिलला यायचंय. मला एकट्याला धीर होत नाही." टॅक्सीत त्यांच्या मांडीवर पिशवी होती, पिशवीत स्टीलचे दोन डबे. समोरच्या आरशात दिसणाऱ्या टॅक्सीवाल्याच्या पडलेल्या दातांकडेसुद्धा त्यांचं लक्ष गेलं नाही, यावरून काय ते समजा. मिलिंदने दार उघडलं. साडूंनी त्याला जिन्याच्या कठड्यापाशी घेतलं आणि हळू आवाजात सांगितलं, "दोन्ही केलेत. या डब्यात तू म्हणालास तो, आणि ह्याच्यात आहे तो. मी देणार नाही. बाप तू आहेस, तू दे."

मिलिंद दोन हातांत दोन डबे घेऊन आपल्याच घराच्या उंबऱ्यावर उभा राहिला. आतून सुजाताचा आवाज आला, "साहेब ना? मेणाचा वास आला मला. या ना, जय भीम!" आणि मग, "मिलिंद, डबे दोन वाजले. दोन का आणलेत?"

आत सासूबाई ओट्याशी कुकरसमोर उभ्या होत्या. त्यांनी मुलाकडे बघून डोळ्यांनीच नको नको केलं. मिलिंद पलंगाजवळ आला. एक डबा त्याने खाली ठेवला. दुसऱ्याचं झाकण काढताना ते हातातून निसटलं आणि जमिनीवर पडून गोल गोल फिरत राहिलं. त्याने मेणाचा चेहरा सुजाताच्या तळहातावर ठेवला.

कपाळ. पापण्या. नाक. मग बोट खाली आलं आणि थांबलं. पुन्हा नाकापाशी गेलं, पुन्हा खाली आलं. तिसऱ्यांदा तिने फक्त करंगळीचं टोक लावून बघितलं.

"साहेब, इथे मेण तुटलंय का?"

"नाय गो बाय," साडू म्हणाले. "मेण बरोबर हा."

कुकरची शिट्टी झाली आणि कुणी गॅस बंद करायला हललं नाही. मग मिलिंदने सांगितलं. तुटक तुटक, पण सगळं सांगितलं. सुजाताने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बुधवारपासून माहीत आहे तुला. म्हणून माझ्याशी बोलताना सारखा पाणी पीत होतास." तिचा आवाज चढला नाही, पण मिलिंद भिंतीला टेकला. "तुम्हा सगळ्यांना दिसलं, म्हणून तुम्ही सगळ्यांनी आपसात वाटून घेतलंत. आईंना वाटा, तुला वाटा, डॉक्टरला वाटा. माझा वाटा कुठाय?" सासूबाई पदर तोंडाला लावून रडायला लागल्या. सुजाताही रडली, तो मेणाचा चेहरा छातीशी धरून, जरा वेळ. आम्ही दोघे परके पुरुष पायाच्या अंगठ्यांकडे बघत बसलो.

मग तिने नाक पुसलं आणि साडूंकडे तोंड करून विचारलं, "दूध ओढता येईल का?"

आणि आमच्या साडूंना वाचा फुटली. अर्धा तास ते बोलत होते. इतकं चांगलं बोलताना मी त्यांना ना आधी ऐकलं, ना नंतर. असे ओठ त्यांनी किती पाहिलेत, ते कसे शिवतात, टाळूला फट आहे का ते जन्मल्यावर कळेल, असली तर टाळूवर बसेल अशी छोटी प्लेट डॉक्टर माप घेऊन करवतात आणि ती करणारा माणूस या क्षणी समोर बसलेला आहे. सासूबाईसुद्धा रडणं थांबवून ऐकत होत्या. सुजाताने मध्ये एकेक नेमका प्रश्न विचारला. शेवटी ती म्हणाली, "तो दुसरा डबा द्या." त्यातला चेहरा तिने हातात घेतला, सावकाश चाचपला, अखंड ओठावरून बोट फिरवलं आणि परत केला. "हे बाळ छान आहे, साहेब. पण हे दुसऱ्या कुणाचं तरी आहे."

पुढचे दोन महिने खऱ्या मॉडेलचं राज्य चाललं. उन्हाळा होता, मेण मऊ पडून हनुवटी ओघळायला लागली. साडूंनी घाईने साचा घेऊन ते पक्कं ओतून दिलं, आणि ओतायला त्यांच्याकडे होतं काय, तर कवळीचंच मटेरियल. "रंग कसा आहे?" सुजाताने विचारलं. "गुलाबी." "कसला गुलाबी? फुलांचा?" साडू खोटं बोलू शकत नव्हते. "हिरड्यांचा," ते म्हणाले. तर हिरड्यांच्या रंगाचं ते बाळ सुजाताच्या पर्समध्ये कचेरीत जाऊ लागलं. फोन जोडता जोडता तिचा अंगठा त्या ओठाच्या फटीवर असायचा. "आधी पोटात नुसती लाथ बसायची," ती मला एकदा म्हणाली. "कोणाची ते कळायचं नाही. आता लाथ बसली की चेहरा येतो." बाळाशी ती नावाशिवाय, धडाधड बोलायची. साहेब लोक आज किती वेळा होल्डवर राहिले, कँटीनचा चहा कसा होता, मिलिंदवरचा राग किती उरलाय. तो राग बराच दिवस पुरला. पण मिलिंद रोज समोर बसून तो ऐकून घ्यायचा, आणि पाणी प्यायचा नाही.

मुलगी झाली. तिथे आम्ही नव्हतो, पण मिलिंदने सांगितलेलं मला पाठ आहे. सिस्टरने बाळ दुपट्यात गुंडाळून आणलं आणि दुपटं जरा जास्तच वर, नाकापर्यंत ओढलेलं होतं. खोलीतले सगळे भलतीकडेच बघत होते. सुजाताने दुपटं खाली सारलं, बोट ओठावर ठेवलं, आणि म्हणाली, "आलीस का गं?" जणू मुलगी शाळेतून आली होती. त्या खोलीत न दचकलेली ती एकटीच होती.

टाळूलाही फट निघाली. साडूंनी अंगठ्याच्या नखाहून जराशी मोठी प्लेट केली आणि ती घासताना ताईंना म्हणे रेडिओसुद्धा लावू दिला नाही. मुलीने पहिल्यांदा पोटभर दूध ओढलं तेव्हा ते हॉस्पिटलच्या बाकावर बसून होते आणि येणाऱ्याजाणाऱ्या परक्या माणसांना सांगत होते, "बसली हो. पहिल्या झटक्यात बसली." नंतर ओठ शिवला गेला, पुढे टाळू. ओठ शिवल्यावर सगळे म्हणाले, काय सुंदर दिसते. सुजाता दोन दिवस जरा गप्प होती. विचारलं तर म्हणाली, "चांगलंच झालंय. पण त्या पहिल्या ओठाशी मी दोन महिने बोलले होते ना." तिच्या ओळखीतल्या, तिच्यासारख्याच अंध अशा आणखी चार-पाच जणी मग लॅबवर आल्या, फोटो घेऊन. साडूंनी सगळ्यांची बाळं केली. त्यांत एकही आजोबा निघाला नाही.

मुलीचं नाव मित्रा. बोलायला लागली तेव्हा आवाज नाकातून यायचा. प म्हणायला गेली की हवा भलतीकडूनच निसटायची. स्पीच थेरपीच्या बाईंनी घरी सराव करायला सांगितला, आणि साडूंनी गुरुवार आपल्याकडे घेतला. दर गुरुवारी करी रोडहून अँटॉप हिल. पपई, पोपट, पापड, बटाटा. तोंडासमोर कागदाचा कपटा धरायचा आणि प म्हटल्यावर तो उडाला पाहिजे. म्हातारा आणि पोरगी समोरासमोर बसून तासभर कपटे उडवायची. मित्रा त्यांना 'दातआजोबा' म्हणते. तीन वर्षं एक गुरुवार चुकला नाही. तोवर तिकडे लॅबचं काम जवळजवळ थांबलं. आता डॉक्टर कॅमेऱ्याने माप घेतात आणि मशीन कवळी काढून देतं, शिवाय साडूंचा हातही हल्ली पूर्वीसारखा स्थिर नाही.

मी रिटायर झालो त्याला आता वर्ष होत आलं. मागच्या आठवड्यात साडू घरी आले होते. फार खुशीत होते. थेरपीच्या बाईंनी सांगितलं, मित्रा आता स्पष्ट बोलते, सरावाची गरज नाही. शिवाय तिची शाळाही दुपारची झालीय. साडूंनी मला तीन-तीनदा सांगितलं की ती 'पपई' कशी म्हणते. माझ्या बायकोने चहा दिला, त्यांनी तो बशीत ओतला, फुंकर घातली, आणि बशी तशीच हातात धरून राहिले.

"साडूभाऊ," ते म्हणाले, "मग आता गुरुवारी काय करायचं हो?"

मी म्हटलं, "इकडे या. मीही घरीच असतो."